भाजलेली माती

फादर, खून नाही केला. चोरी नाही.
रविवार चुकवला तो एकच, रोप लावणीचा,
आणि तो तुम्हाला ठाऊक आहे.
दहा आज्ञा बोटांवर मोजून झाल्या
तरी गुडघे उठत नाहीत या फळीवरून.
जाळीपलीकडं तुमचा खोकला ऐकू येतो.
सांगतो.

सांत आंतोनच्या नावावर तीन एकर अठरा गुंठे,
मलप्रभेच्या अंगाला, रेल्वे फाटकाच्या खाली.
उतारा कन्नडमध्ये, करार मराठीत,
सही मी केली इंग्रजीत, खजिनदार म्हणून:
इनास साव्हेर सोज.
मातीला तिची भाषा कुणी विचारली नाही.

निंगोजी घाडी म्हणाला, चारच फूट काढतो,
खाली आणखी आहेच की, पाताळापर्यंत तुमचीच.
कमिटीत सगळे हसले. मीही.
हॉल बांधायचा होता लग्नांसाठी,
पत्र्याचा नको, पक्का.
कुणीतरी म्हणालं, देवाची माती देवाच्याच घराला,
यात पाप कसलं?
ते वाक्य मला इतकं आवडलं
की वळणदार अक्षरात इतिवृत्तात लिहून ठेवलं.

नाताळ सरताच जेसीबी आला.
वरची माती काळी, अजून ओल धरून होती.
तिच्यात गांडुळं, खेकड्यांची बिळं,
काढायची राहून गेलेली रताळी,
आणि आईचा विळा.
मूठ कुजलेली, पातं तसंच.
खंडानं करायची ती हे शेत. विळा हरवला म्हणून
बापानं तिला आठवडाभर बोलून घेतलं होतं.
मी तो पुसला आणि डिकीत टाकला.
काम थांबवा म्हणालो नाही.

जळण रानातलं, रात्रीचं यायचं.
मत्ती, किंदळ, एक जांभूळ तर मिठीत न मावणारं.
पावती मी मागितली नाही.
निंगोजीनं दिली असती, असं अजून म्हणतो मी स्वतःला.
तीन आठवडे भट्टी धुमसली.
रेमेतीन मावशीनं वेदीची पांढरी वस्त्रं
दोनदा धुतली, तरी धुराचा वास राहिला.
त्याच वस्त्रांवर तुम्ही भाकर उचललीत.

मग राखेचा बुधवार.
तुम्ही अंगठा टेकवलात माझ्या कपाळावर,
दरसालचंच म्हणालात, मातीचं आणि परत मातीत जाण्याचं,
आणि माझ्या आत काही तडकलं,
कच्ची वीट आचेला तडकते तसं.

फादर, भाजलेली माती मातीत जात नाही.
शंभर वर्षं पुरा, वीट वीटच निघते,
भट्टीवाल्याचा छाप तसाच छातीवर घेऊन.
गवत नाही येत तिला. मुंगी घर करत नाही.
परत जायची वाटच बंद केली मी तिची,
तीन एकर अठरा गुंठ्यांची,
आणि वर गिलावा केला, फिकट निळा,
मरियेच्या झग्याचा रंग म्हणून.

ही कितवी आज्ञा, सांगा.
राखायला दिलेलं विकलं, याला चोरी म्हणतात का?
जे अजून जन्मले नाहीत त्यांच्या ताटातलं काढलं,
याला खून म्हणतात का?
की याला फक्त ठराव म्हणतात,
सर्वानुमते मंजूर?

तुम्ही बराच वेळ गप्प.
मग म्हणालात, तीन वेळा नमो मरिये.
मी म्हणालो, एवढंच? एका विटेला साडेनऊ रुपये पडलेत, फादर,
आणि माफी इतकी स्वस्त?

बाहेर गोव्याकडची मालगाडी गेली, लांबलचक.
ती संपल्यावर तुमचा आवाज आला, खालच्या पट्टीत:
इनास, त्या मीटिंगला मीही होतो.
ते वाक्य माझंच.

जाळीला दोन्हीकडून सारखीच भोकं असतात,
हे मला तेव्हा दिसलं.

उद्या मिस्सा झाल्यावर, तुम्ही विचारलंत,
शेणखत कुठं मिळेल? टोपल्या आहेत का दोन?
आहेत म्हणालो.
चार फूट टोपल्यांनी भरत नाहीत, फादर.
मी खजिनदार आहे. हिशेब येतो मला.
आहेत म्हणालो.